चार वल्ही अलीकडे

"इथनंच काढा काय काढायचं ते. आणखी चार वल्ही मारली का पाखरं उठली समजा."

भिगवणजवळच्या कुंभारगावच्या पाण्यावर, जानेवारीतल्या एका कुडकुडत्या सकाळी, नाववाल्या मामांनी होडी थांबवली आणि वल्हं आडवं ठेवलं. समोर दीडएकशे रोहित पक्षी गुडघाभर पाण्यात माना खाली घालून चरत होते. मी नवी, हप्त्यांवर घेतलेली लेन्स मांडीवर घेऊन बसलो होतो. हप्ते भरणाऱ्या माणसाला चार वल्ही अलीकडे थांबणं परवडत नाही. "मामा, अजून थोडं पुढं घ्या ना," मी म्हणालो. मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता वल्हं उचललं.

तिसऱ्या वल्ह्याला पहिली मान वर झाली आणि चौथ्याला सगळा थवा धावत सुटला. मी बोट दाबूनच धरलं होतं. घरी येऊन पाहिलं तर साठेक फोटो निघाले होते. सगळ्यांत शेपट्या, लोंबते पाय आणि पाण्याचे शिंतोडे. एकाही फोटोत डोळा नव्हता.

मामांना ठाऊक असलेल्या त्या चार वल्ह्यांचा शास्त्रात बराच अभ्यास झालेला आहे. हायनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने गेल्या शतकात ही गोष्ट नीट मांडली. प्रत्येक रानटी जिवाभोवती एक अदृश्य कुंपण असतं. परका त्याच्या बाहेर आहे तोवर तो जीव आपलं काम चालू ठेवतो आणि परका आत आला की पळतो. पक्षिनिरीक्षण आणि पक्ष्यांची छायाचित्रं हे दोन वेगळे छंद आहेत असं लोक समजतात. माझ्या मते दोन्हींचा गाभा हे कुंपण ओळखणं हाच आहे. ज्याला ते दिसतं त्याला साध्या कॅमेऱ्यातही पक्षी सापडतो. ज्याला दिसत नाही तो लाखाची लेन्स घेऊन शेपट्या काढत बसतो. ही शेवटची ओळ अनुभवाची आहे.

कुंपण किती लांब, याचं एकच एक उत्तर नाही. ढोकरी बगळाच घ्या. गावच्या घाटावर, जिथे बायका धुणं धुतात आणि पोरं डुंबतात, तिथे तो तुम्हाला दहा पावलांवर येऊ देतो. तोच आडरानातल्या तळ्यावर पन्नास पावलांवरूनच पांढरे पंख उघडून निघून जातो. माणसाकडून काय त्रास झाला आणि काय नाही, याचा हिशेब पाखरू ठेवतं. मोठ्या अंगाचा पक्षी सहसा लांबूनच उठतो, कारण त्याला हवेत जायला वेळ लागतो. एकटा पक्षी जवळ येऊ देतो, थवा देत नाही. दीडशे पाखरांच्या थव्यात सगळ्यांत भित्रं जे असेल त्याच्या मनावर सगळ्यांचं उठणं ठरतं. सरळ रोखाने येणारा माणूस त्याला शिकारी वाटतो, तिरका तिरका, रेंगाळत येणारा तेवढा वाटत नाही. म्हणून जाणते लोक पक्ष्याकडे नाकासमोर चालत जात नाहीत. इकडेतिकडे पाहत, दुसऱ्याच कामाला निघाल्यासारखे जातात.

हे शिकायला उजनीसारखी शाळा नाही. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. त्याच्या फुगवट्याला यशवंतसागर म्हणतात. तो सोलापूर जिल्ह्यातून मागे पसरत पुणे जिल्ह्यात भिगवणच्या पुढे जातो. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालं की शंभरेक किलोमीटरवर हे पाणी दिसायला लागतं. या पाण्याखाली गावं गेली, काळीभोर शेतं गेली. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी उतरलं की वर येतं आणि मग त्याचे फोटो वर्तमानपत्रांत छापून येतात. ज्यांची शेतं बुडाली त्यांतले काही त्याच पाण्यावर चिलापीची मासेमारी करून जगू लागले. पक्षी बघायला येणाऱ्यांना त्याच होड्यांतून फिरवायचं, हा जोडधंदा पुढे आला.

रोहित इथे कधी येतात हे कॅलेंडरपेक्षा धरणाच्या पाण्यावर जास्त ठरतं. पावसाळ्यानंतर फुगवटा तुडुंब असतो. तेव्हा बदकं, वारकरी, पाणकावळे दिसतात, पण रोहित नसतो. त्याला पोहता येत असलं तरी त्याचं पोट भरतं ते उथळ चिखलात. रब्बीचं आवर्तन सुटतं, कालवे वाहू लागतात, काठ हात हात मागे सरकतो आणि चिखलाचे पट्टे उघडे पडतात. मग एक दिवस क्षितिजावर गुलाबी रेघ दिसते. उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये' अशी बातमी आली की सोलापूरकरांच्या पोटात गोळा येतो. रोहितांना मात्र उतरतं पाणीच हवं असतं. पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला आणि धरण भरलेलं राहिलं, तर रोहितही उशिरा येतात. पुण्यामुंबईचे हौशी लोक अशा वेळी डिसेंबरात येऊन हात हलवत परत जातात आणि "यंदा भिगवणला काही नव्हतं" असं सांगत सुटतात.

चरणारा रोहित एकदा दुर्बिणीतून निवांत पाहावा. लांब मान खाली जाते आणि डोकं चक्क उलटं होतं, टाळू खाली आणि खालची चोच वर. मधेच वाकलेली ती विचित्र चोच या उलट्या डोक्यासाठीच घडलेली आहे. आपला वरचा जबडा कवटीला पक्का असतो, त्याचा हलतो. जाड मांसल जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे होते. ती मागे गेली की चिखलपाणी आत येतं, पुढे आली की बाहेर फेकलं जातं आणि चोचीच्या कडेला असलेल्या बारीक दातेरी पट्ट्यांच्या गाळणीत सूक्ष्म कवचधारी जीव, किड्यांच्या अळ्या, शेवाळ अडकतं. हे सेकंदाला अनेकदा चालतं. पाय स्वस्थ नसतातच. जागच्या जागी थयथय करत तो गोल फिरतो आणि तळचा गाळ वर उसळवतो. पाणी उतरल्यावर चिखलात त्या नाचाचे गोल खळगे राहतात. त्याचा गुलाबी रंगही या गाळणीतूनच येतो. शेवाळातून आणि शेवाळ खाणाऱ्या जिवांतून जी रंगद्रव्यं पोटात जातात, तीच पिसांत उतरतात. गाजराला केशरी करणारी रंगद्रव्यं त्याच कुळातली. पिल्लं राखाडी असतात, रंग चढायला त्यांना काही वर्षं लागतात. थव्यात मळकट राखी दिसणारा रोहित आजारी नसतो, पोरवयातला असतो.

उभा असताना तो जवळजवळ पांढराच दिसतो. पंख उघडले की आतला लालभडक पट्टा आणि काळी किनार दिसते, म्हणूनच त्याचं दुसरं नाव अग्निपंख. सगळी भानगड इथेच सुरू होते. प्रत्येकाला ते उघडलेले पंख हवे असतात, आणि ते मिळवायचा सोपा उपाय म्हणजे थव्यावर होडी घालणं.

पण उठण्याआधी थवा बराच वेळ बोलत असतो. आपण ऐकत नाही. निवांत थव्यात सगळी डोकी खाली असतात आणि हंसांसारखी गॅ-गॅ अशी बारीक कुजबुज चालू असते. होडी जवळ येऊ लागली की कडेचा एखादा मान वर करतो. नुसती मान वर झाली तर अजून काही बिघडलेलं नसतं. तिथे होडी थांबली, तर दोन-तीन मिनिटांत ती मान पुन्हा पाण्यात जाते. आपण पुढे सरकलो तर दहा माना वर होतात, चरणं थांबतं. मग ते चालायला लागतात. सगळे एकाच दिशेला, एकमेकांना खेटून, लष्करी कवायतीसारखे. लोकांना ही कवायत फार आवडते, "बघा, कसे शिस्तीत चाललेत!" ती शिस्त नसते, ते मागे सरणं असतं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे धावणं, कारण रोहिताला जागेवरून उडता येत नाही, पाण्यावरून पळत वेग घ्यावा लागतो. मामांची चार वल्ही ही पहिल्या मानेच्या अलीकडची होती. मी त्यांना कवायतीच्याही पुढे नेलं.

एकदा उठल्याने पाखराचं असं काय जातं, हा प्रश्न मला होडीतल्या सोबत्यांनी अनेकदा विचारलाय. एकदाच उठवलं तर फारसं काही जात नाही. पण सुट्टीच्या दिवशी त्या पाण्यावर एकामागून एक होड्या येत असतात आणि प्रत्येक होडीला 'एकदाच' उठवायचं असतं. गाळणीने पोट भरणाऱ्याला दिवसाचे कितीतरी तास चरावं लागतं. उडणं हे त्याचं सगळ्यांत महागडं काम. खर्च वाढतो आणि त्याच वेळी कमाई बंद पडते. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब इथे हिवाळा काढून परत तिबेट-मंगोलियाकडच्या तळ्यांवर जातात, वाटेत हिमालय ओलांडतात. त्या प्रवासाची चरबी त्यांना याच काठावरच्या गवतावर आणि हरभऱ्या-गव्हाच्या शेतांत साठवायची असते.

आता फोटोचं. लांबून काढलेला फोटो चांगला येत नाही, ही तक्रार अर्धीच खरी आहे. लांबच्या फोटोची माती करणारी मुख्य गोष्ट म्हणजे तापलेली हवा. साडेनऊ-दहा वाजले, ऊन चढलं की ओल्या चिखलावरची हवा थरथरू लागते. डोळ्याला ते फारसं जाणवत नाही, पण लेन्समधून पाहिलं की पक्ष्याची कडा पाण्यात विरघळल्यासारखी दिसते. यावर कुठलीही लेन्स चालत नाही, लवकर उठणं चालतं. सूर्य उगवताना होडीत असलं पाहिजे आणि तासाभरात काय ते उरकलं पाहिजे. नंतर कॅमेरा पिशवीत टाकावा आणि दुर्बीण काढावी.

दुसरी गोष्ट रंगाची. कॅमेऱ्यातला मीटर समोरच्या दृश्याला सरासरी राखाडी समजून उजेड मोजतो. गडद पाण्यावर पांढरा पक्षी उभा असला, की मीटर पाण्याला भुलतो, जास्त उजेड आत घेतो आणि पक्ष्याच्या पिसांचा नुसता चुना होतो. तिथे एक्स्पोजर उणे करावं लागतं. उलट, फिक्या आभाळावर उडणारी घार काळी ठिक्कर येते, तिथे अधिक करावं लागतं. उडत्या पक्ष्याला शटरचा वेग सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास ठेवला की पंख गोठतो. उभ्या पक्ष्याला पाचशेवा भाग पुरतो, होडी डुलत नसेल तर. होडी डुलतेच. बाकी फोकस डोळ्यावर आणि कॅमेरा शक्य तितका पाण्यालगत. उभं राहून काढलेल्या फोटोत पक्षी चिखलाला चिकटवल्यासारखा दिसतो. बसून, होडीच्या काठावर कोपर टेकून काढलेल्यात त्याच्यामागे दूरचं पाणी येतं आणि तो सुटा, जिवंत दिसतो.

तिसरी गोष्ट मला मामांनीच शिकवली. पाखरू उठतं आणि उतरतं ते वाऱ्याच्या तोंडाला. म्हणजे वारा तुमच्या पाठीवर असेल, तर नव्याने उतरणारा प्रत्येक पक्षी तुमच्याकडे तोंड करून उतरणार. सकाळचं ऊनही पाठीवर असेल तर मग काही करायचंच नाही, गप्प बसायचं. थवे दिवसभर या चिखलावरून त्या चिखलावर आपसूक उडत असतात. मधूनच एखादा भोवत्या काठावरून खालून खालून तरंगत जातो आणि सगळं पाणी एकदम उठतं, रोहित, शेकाटे, थापट्ये, सगळे. ते अग्निपंख फुकट मिळतात आणि तोंडाकडून मिळतात. पुढच्या वर्षी तसंच केलं. दीड तास एका जागी थांबलो, चहा संपला, पाय बधिर झाले आणि सात रोहित ओळीने डोक्यावरून गेले. सातांचे सात डोळे फोटोत आहेत.

नवख्याने आधी कॅमेरा घ्यावा की दुर्बीण? दुर्बीण. तीही आठ गुणिले बेचाळीसची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढची काच बेचाळीस मिलिमीटरची. बारापटीच्या मोहात पडू नये, हाताचा कंपही बारापट होतो. वर्षभर नुसतं पाहिलं की हळदीकुंकू बदक आणि थापट्या यांत गोंधळ होत नाही. हळदीकुंकवाला ते नाव का पडलं, हे चोचीच्या पिवळ्या टोकावर आणि बुडाशी असलेल्या लाल ठिपक्यांवर दुर्बीण स्थिरावली की कुणी सांगावं लागत नाही. आपल्याकडची पक्ष्यांची नावं अशी पाहूनच ठेवलेली आहेत. वरणात चमचा फिरवल्यासारखी चोच पाण्यात फिरवणारा तो चमच्या, आणि अंग काळं, कपाळ पांढरं, गंध लावून निघाल्यासारखा तो वारकरी.

पाण्यावरून माळावर आलं की कुंपणाचे नियम बदलतात. इंदापूर तालुक्यातच कडबनवाडीचं माळरान आहे, चिंकारा आणि शिकारी पक्ष्यांसाठी लोक तिथे जातात. माळावर लपायला झाड नसतं, पण गाडी असते. चंडोल, धाविक, तितर हे गाडीला माणूस समजत नाहीत. इंजिन बंद करून काचेतून पाहत बसलं तर धाविक दहा-बारा हातांवर येऊन किडे टिपतो. दार उघडून एक पाय खाली टाकला की तो गेलाच. गाडी मळलेल्या वाटेवरूनच न्यावी मात्र. गवतात घातली तर चाकाखाली काय येईल सांगता येत नाही.

टिटवीचं घरटं म्हणजे उघड्या जमिनीवर चार खड्यांचा खळगा आणि त्यात चार मातकट, ठिपक्याठिपक्यांची अंडी. शेजारी उभं राहूनही दिसत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत टिटवी त्या अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला कमी आणि सावली द्यायला जास्त. जवळच्या पाण्यात पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंडी गार करते. फोटोवाला दहा मिनिटं तिथे रेंगाळला, की ती दहा मिनिटं ओरडत वर घिरट्या घालते आणि तिची अंडी भर उन्हात उघडी पडतात. शिवाय तुम्ही निघून गेल्यावर तुमच्या वासाच्या आणि पावलांच्या मागाने कोण येतं, ते तुम्हाला दिसत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणंही येतं. घरट्याचे फोटो हौसेने मांडणाऱ्या कितीजणांना हे माहीत असतं, कोण जाणे.

घरट्यांचा अभ्यास करू नये असं नाही, आडोसा हवा. सलीम अलींनी १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळ किहीमला सुगरणींच्या वसाहतीवर ठाण मांडलं आणि नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडलं तरच नर ते पुरं करतो आणि मग दुसऱ्या मादीसाठी दुसरं घरटं मांडतो, हे सगळं उलगडलं. त्याच्याही आधी इंग्लंडात रिचर्ड आणि चेरी कर्टन या दोघा भावांनी पक्ष्यांजवळ जायला एक पोकळ बैल तयार करवून घेतला होता. सांगाड्यावर खऱ्या बैलाचं कातडं, आत माणूस, आणि बाहेर डोकावणारी कॅमेऱ्याची काच. एकदा रिचर्डला आतच घेरी आली आणि बैल चारी पाय वर करून पडला. हसू येतं, पण त्यांची अक्कल वाखाणण्याजोगी होती. चरणाऱ्या जनावराला पक्ष्याच्या कुंपणात मुक्त प्रवेश असतो. आपल्या माळावर म्हशीच्या पाठीवर बसलेला गायबगळा हेच सांगत असतो.

लांबून काढलेला, जरा दाणेदार फोटोही कधी कामाचा ठरतो. मंगोलियात काही पट्टकादंबांच्या गळ्यात हिरव्या पट्ट्या अडकवल्या गेल्या, त्यांवर अक्षरं आणि आकडे असतात. भारतातल्या तळ्यांवर लोकांनी काढलेल्या फोटोंतून ते आकडे वाचले गेले आणि एकेका पाखराची वाट कागदावर आली. तुमच्या फोटोत असा आकडा दिसला तर तो कापून टाकू नका, पक्षिअभ्यासकांकडे पाठवा.

भिगवणच्या होडीवाल्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांतल्या बहुतेकांना ती चार वल्ही माझ्यापेक्षा चांगली कळतात. पण मागच्या होडीतला माणूस पाखरं उडवून खूश होऊन उतरला आणि वरती बक्षीसही देऊन गेला, तर तेही काय करणार? गिऱ्हाईक जे मागतं तेच ते देतात. कुरवांना होडीजवळ बोलवायला शेव-फरसाण उधळणारेही आपणच. तेव्हा यंदा जाल तर होडीत पाय ठेवण्याआधी, पैसे ठरवतानाच, नाववाल्याला सांगा, "मामा, जवळ नाही गेलं तरी चालेल, पाखरं उठवायची नाहीत." आणि उतरताना बक्षीस द्यायचं असेल, तर ते त्यांनी वल्हं आडवं ठेवलं म्हणून द्या.